व्यसनातून सावरताना व्यायाम: कोणता, यापेक्षा किती वाजता आणि कोणाबरोबर

ऐरोलीहून एका ताईंचा प्रश्न आलाय. धाकटा भाऊ २७ वर्षांचा. रात्रपाळीची नोकरी करताना एमडी या अमली द्रव्याच्या नादी लागला. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून दीड महिन्यापूर्वी घरी आला आहे. दिवसभर लोळतो, वजन वाढलंय, कशातच मन लागत नाही म्हणतो. आता जिम लावायची म्हणतो आणि वर्षाची फी एकदम भरली तर सूट आहे. वडिलांचं म्हणणं, घाम गाळला की अंगातलं विष निघून जाईल, मग गोळ्या कशाला हव्यात? चुलतभाऊ म्हणतो, ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनची तयारी कर. ताई विचारतात, व्यायामाने खरंच फरक पडतो का, आणि सुरुवात कशी करायची?

ताई, फरक पडतो. मी ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि व्यसनाच्या पेशंटला व्यायामाचं विचारल्याशिवाय सहसा घरी पाठवत नाही. पण तुमच्या घरी व्यायामाकडून जे मागणं चाललंय, त्यातलं निम्मं त्याच्याकडून होणारं नाही. आधी तेवढं निस्तरू.

पहिलं घामाचं. केंद्रातले तीन महिने आणि घरचा दीड महिना भाऊ खरोखर लांब राहिला असेल, तर त्याच्या अंगात एमडी उरलेलं नाही. ते यकृतात मोडतं, लघवीवाटे जातं आणि त्याला थोडेच दिवस लागतात. घामातून जातं ते नावापुरतं. गांजाचं जरा वेगळं आहे. त्याचा अंश चरबीत साठतो आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे सापडतो. पण तोसुद्धा पळून पळून लवकर निघत नाही. (लघवीच्या टेस्टच्या आदल्या दिवशी ठाण्याच्या उपवन तलावाला चकरा मारणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. फुकट दमतात.) तेव्हा वडिलांना सांगा की विष केव्हाच गेलंय. राहिलंय ते मेंदूला लागलेलं वळण, आणि भाऊ ज्या गोळ्या घेतोय त्या या वळणासाठी, झोपेसाठी आणि उदासीसाठी आहेत. विषाशी त्यांचा संबंध नाही.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. २०१५ साली ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. ते मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन भसाभस सोडायला लावतं. अशा द्रव्यांची सवय झाली की डोपामिन टिपणारी मेंदूतली केंद्रं, म्हणजे रिसेप्टर, कमी होतात. मग माल बंद झाल्यावर आईच्या हातचं जेवण, भारताची मॅच, मित्राची हळद, कशानेच काही वाटत नाही. 'कशातच मन लागत नाही' हे तुमच्या भावाचं वाक्य त्या अवस्थेचं अचूक वर्णन आहे. त्याला आळशी म्हणू नका. या काळात पोरं परत मालाकडे वळतात ती बरेचदा मजेसाठी नाही, या कोरडेपणाला कंटाळून.

व्यायामाचा उपयोग इथे आहे. एमडीच्याच जवळचं द्रव्य म्हणजे मेथॅम्फेटामाइन. ते सोडलेल्या १९ जणांचा एक अभ्यास अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींनी आठ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा तासभर व्यायाम केला, बाकीच्यांना तेवढाच वेळ आरोग्याची माहिती दिली. व्यायाम करणाऱ्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये ते रिसेप्टर वाढलेले दिसले, दुसऱ्या गटात तसं दिसलं नाही. अभ्यास अगदी लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण दवाखान्यात जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो: सहा-आठ आठवडे नियमाने हालचाल करणारा पेशंट एक दिवस येऊन सांगतो की चहा चांगला लागला.

आता दुसरा अभ्यास, कारण तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१७ सालचा, तोही अमेरिकेतला, कोकेन आणि मेथसारखी उत्तेजकं घेणाऱ्या ३०२ लोकांवरचा. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच चालू होते. निम्म्यांना त्याच्या जोडीला जोरकस व्यायाम दिला, निम्म्यांना आरोग्याचे धडे. सरसकट हिशेब केला तेव्हा दोन गटांत ठळक फरक निघाला नाही. पण जे सांगितलेला व्यायाम खरोखर करत राहिले, त्यांचे मालाविना गेलेले दिवस थोडे जास्त भरले. थोडक्यात, कागदावर कितीही उत्तम व्यायाम लिहून दिला तरी तो करत राहणं हीच सगळी मेख आहे. तंबाखूतही असंच दिसतं. १९९९ साली सिगारेट सोडू पाहणाऱ्या २८१ बायकांचा अभ्यास झाला. व्यायाम करणाऱ्या गटात वर्षाअखेर सुमारे १२ टक्के सिगारेटपासून लांब होत्या, दुसऱ्या गटात सुमारे ५ टक्के. दुप्पट म्हणून खूश व्हायचं, की व्यायाम करूनही बहुतेकजणी परत वळल्या म्हणून जपून राहायचं? मी दोन्ही करते.

म्हणून 'कोणता व्यायाम' हे मी पेशंटला सगळ्यात शेवटी विचारते. आधी विचारते, माल किती वाजता घ्यायचास?

हा प्रश्न भावाला विचारा. तो रात्रपाळीला होता, म्हणजे कॅब यायच्या आधी घ्यायचा की पहाटे सुटल्यावर? की सुट्टीच्या आदल्या रात्री? प्रत्येकाची एक वेळ असते आणि माल सुटला तरी शरीर ती विसरत नाही. त्या वेळेला तोंडाला कोरड पडते, पाय हलायला लागतो, माणूस फोन उचलतो आणि ठेवतो. तलफ लाटेसारखी येते, चढते आणि सहसा पंधरा ते तीस मिनिटांत उतरते. तेवढा वेळ माणूस एकटा खोलीत फोन घेऊन पडलेला असणं आणि बूट घालून कोणाबरोबर रस्त्यावर असणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पंधरा मिनिटं भरभर चालल्याने तलफ कमी होते हे सिगारेटच्या बाबतीत पुन्हा पुन्हा तपासून झालंय.

वागळे इस्टेटमधल्या एका रिक्षावाल्याचं सांगते (ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून). ब्राऊन शुगर. टर्की, म्हणजे माल बंद केल्यावरचा त्रास, काढून झाली होती, औषध चालू होतं, तरी दर थोड्या दिवसांनी घसरायचा. वेळ विचारली तर म्हणाला, 'संध्याकाळी सहा.' का, तर सहाला तो रिक्षा बदलीवाल्याच्या ताब्यात द्यायचा. खिशात दिवसाची रोकड, अंग आंबलेलं, घरी जायची घाई नाही, आणि स्टँडपासून घराकडे जाताना मध्ये ती गल्ली. चारही गोष्टी एकाच वेळी. त्याला मी व्यायाम काहीच नवीन दिला नाही. बायकोने सहाला स्टँडवर यायचं, रोकड तिच्याकडे द्यायची, आणि तिथून दोघांनी दुसऱ्या रस्त्याने, लांबून, चालत घरी जायचं. वाटेत एका मैदानावर कबड्डीचा सराव चालायचा. हा लहानपणी खेळलेला. पुढे तो तिथे थांबायला लागला, मग पोरांना शिकवायला लागला. बायको एकटी घरी जायला लागली आणि तिने मला तक्रार केली की आता हा आठशिवाय घरी येत नाही. मी म्हटलं, ही तक्रार चालेल.

त्याच्याकडे खिशात मावणारी एक वही होती. बाहेर पडताना तलफेला दहापैकी आकडा द्यायचा, परत आल्यावर पुन्हा द्यायचा. 'आठ, चार.' 'सहा, दोन.' एका पानावर 'नऊ, नऊ' होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'बायको माहेरी.' अशी एखादी वही भावालाही घ्या. फोनमध्ये लिहितो म्हणाला तर नको म्हणा, कारण जुने नंबर फोनमध्येच असतात.

तुमच्या भावाला आज लगेच काय करता येईल? पहिले दोन आठवडे रोज फक्त वीस-पंचवीस मिनिटं चालणं, त्याच्या धोक्याच्या वेळेला. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. मग हळूहळू अर्धा-पाऊण तास. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथे पोचायला दोन-तीन महिने लागले तरी काही बिघडत नाही. धोक्याची वेळ पहाटेची असेल तर तेव्हा चालायला पाठवण्यापेक्षा झोपेचं गणित आधी बसवा, त्यासाठी डॉक्टरांशी बोला, आणि सकाळी उठल्या उठल्या उन्हात चालायला न्या. सकाळच्या उजेडाने रात्रपाळीने उलटं झालेलं झोपेचं घड्याळ सुलटं व्हायला मदत होते.

जागेची आपल्याकडे चैन आहे. नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचा मिनी सी-शोअर, खारघरचं सेंट्रल पार्क, आणि ऐरोलीहून खाडीपूल ओलांडला की ठाण्याची तलावपाळी. पण नकाशावर एक गोष्ट भावाबरोबर बसून पाहा: तिथे जाताना जुना अड्डा लागतो का, जुने मित्र तिथे बसतात का? ठाण्याच्या येऊर डोंगराचा रस्ता चालायला सुंदर आहे, पण ज्याच्या दोस्तांच्या पार्ट्या तिथेच व्हायच्या त्याला मी पहिलं वर्ष येऊर सांगत नाही. खाडीकाठच्या अंधाऱ्या कोपऱ्यांचंही तेच. माणसांची वर्दळ असलेली, थोडी कंटाळवाणी जागा उत्तम.

आणि पाऊस. हे बाहेरगावच्या पुस्तकांत नसतं. जुलैत आठवडाभर झड लागली की चालणं बंद पडतं, आणि बंद पडलेलं चालणं गणपतीपर्यंत सुरू होत नाही. तो आठवडा मी दरवर्षी पाहते. म्हणून घरातला पर्याय पहिल्या दिवसापासून ठरलेला हवा: इमारतीचे जिने चढणं-उतरणं, नाहीतर सूर्यनमस्कार. वेळ तीच. मे आणि ऑक्टोबरच्या चिकचिकीत दुपारी व्यायाम नको आणि पाण्याची बाटली बरोबर हवी. तो लिथियमवर (मूड स्थिर ठेवणारं औषध) असेल तर हे जास्तच पाळा. घाम जास्त जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियमचं प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

जिमला माझा विरोध नाही. ज्याला स्वतः जावंसं वाटतंय त्याला अडवणं वेडेपणा होईल. वजन वाढल्याची त्याला लाज वाटते, आणि त्यातून उठावंसं वाटणं चांगलंच आहे. पण वर्षाची फी भरू नका. सुटलं तर तीच फी घरात पुढचं वर्षभर ऐकवली जाते. महिन्याची भरा, आणि पैसे त्याच्या हातात न देता थेट जिमच्या खात्यात. जिम निवडताना एकदा त्याच्या वेळेला स्वतः जाऊन बघा. एमडी घेणाऱ्या पुष्कळ मुलांच्या डोक्यात माल आणि दणदणीत संगीत यांची गाठ बसलेली असते. अंधुक निळे दिवे, छातीत धडधडणारा बास, अशी जागा त्याला पार्टीची आठवण करून देणार. दुपारची रिकामी, उजेडाची, जुनाट जिम चालेल. महापालिकेचा तरणतलाव त्याहून बरा. पाण्यात फोनही नसतो.

जिममधली खरी भीती वेगळी आहे. व्यायामाआधी घ्यायची जी पावडर मिळते, जिला मुलं 'प्री-वर्कआउट' म्हणतात, तिच्या एका चमच्यात पुष्कळदा दोन-तीन कप कॉफीइतकं कॅफिन असतं. काहींमध्ये बीटा-ॲलनिन असतं, त्याने त्वचेला मुंग्या येतात. धडधड, मुंग्या, अंगात संचारलेला जोर. एमडी घेतलेल्याच्या शरीराला ही ओळखीची चाहूल वाटते आणि तलफ जागी होते. त्यात रात्रीची झोप उडते ती निराळी. ही पावडर नको म्हणजे नको. त्याहून वाईट म्हणजे मेफेंटरमाइनची इंजेक्शनं. ऑपरेशनच्या वेळी उतरलेलं ब्लडप्रेशर वर आणायचं हे औषध, आपल्या देशात काही जिममध्ये 'स्टॅमिना'साठी चोरून टोचलं जातं. ते उत्तेजकच आहे, त्याचंही व्यसन लागतं. स्टिरॉइडबद्दल वेगळं सांगायला नको. ट्रेनरला भावाची सगळी कहाणी सांगायची गरज नाही. 'डॉक्टरांनी सांगितलंय, पावडर नाही, इंजेक्शन नाही' एवढं वाक्य पुरे. ट्रेनर त्यावर हसला तर जिम बदला.

मॅरेथॉन यंदा नको. चुलतभावाचा हेतू चांगला आहे. पण नशेत माणसाने एक टोक गाठलेलं असतं, आणि व्यायामातही दुसरं टोक गाठायची त्याला घाई असते. पहिल्याच महिन्यात दहा किलोमीटर, मग गुडघा धरतो, मग सक्तीची विश्रांती, आणि मग तोच कोरडेपणा. दुखापत झालीच तर दुकानातून परस्पर वेदनाशामक आणू नका. ट्रॅमाडॉलसारखी औषधं अफूच्या जातकुळीतली आहेत; ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएसखाली आहे. डॉक्टर हाडांचे असोत की घरचे, व्यसनाचा इतिहास त्यांना सांगायचाच.

सुरुवात करण्याआधी एकदा तपासणी करून घ्या. एमडी हृदयावर ताण आणतं, म्हणून ईसीजी आणि ब्लडप्रेशर. जोडीला हिमोग्लोबिन, साखर, यकृताच्या तपासण्या. व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड थांबेना, तर 'जरा दमलोय' म्हणून सोडून देऊ नये. सरकारी रुग्णालयात हे स्वस्तात होतं. दारूचं व्यसन असलेल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना: दारू नुकतीच बंद केली असेल, हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर त्या दिवसांत व्यायाम अजिबात नाही. त्या वेळी फिट येऊ शकते. आधी डॉक्टर, चालणं नंतर.

गोळ्यांचं सांगते. वजन काही गोळ्यांनी वाढतं हे खरं आहे, आणि तीन महिन्यांत गोड खाण्याचा सपाटाही लागलेला असतो. म्हणून गोळी बदलायचं किंवा कमी करायचं डॉक्टरांशी बोलता येतं. व्यायाम सुरू झाला म्हणून घरच्या घरी बंद करता येत नाही. उत्तेजकं सुटल्यानंतरची उदासी कधीकधी फार खोल जाते. तो जगण्याला कंटाळल्याचं बोलला, तर चालायला नेऊन भागणार नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, आणि नशामुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

घरच्यांसाठी दोन-तीन गोष्टी. तुम्ही त्याच्याबरोबर चालणार असाल तर वाटेत चौकशी करू नका. 'आज कोणाचा फोन आला होता?' हा प्रश्न दुसऱ्या दिवशी आला की तिसऱ्या दिवशी त्याचं पोट दुखतं. गप्प चाला, नाहीतर भाजीचे भाव बोला. वडिलांनी त्याच्या मनगटावरच्या घड्याळातली पावलं तपासू नयेत. ती त्याची आहेत. एखादा दिवस बुडाला तर बुडाला. आणि शक्य असेल तर एखादा असा सोबती शोधा जो घरचा नाही: एनएच्या (नार्कोटिक्स ॲनॉनिमस, व्यसनातून सावरणाऱ्यांचा गट) मीटिंगला येणारा कोणी, केंद्रातून त्याच्याबरोबर बाहेर पडलेला आणि क्लीन राहिलेला कोणी. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत योगासनं दिनक्रमातच असतात. केंद्रात ती जमतात कारण शेजारी आणखी माणसं असतात, घंटा होते, सगळे उठतात. घरी आल्यावर ती घंटा जाते. तिची जागा घेईल असं कोणीतरी लागतं.

आणि तो घसरला तर? हा विषय घरात बोलायला नको वाटतो, पण आधीच बोलून ठेवा. एमडी घेतल्यावर दोन-तीन दिवस व्यायाम नाही, कारण हृदयावर आधीच ताण आलेला असतो. डॉक्टरांना कळवायचं, झोप आणि जेवण सांभाळायचं, मग पुन्हा वीस मिनिटांपासून. 'एवढं चालून काय उपयोग झाला' हे वाक्य त्या आठवड्यात कोणी उच्चारू नये. ज्या घरात ब्राऊन शुगरचा पेशंट आहे त्यांनी मात्र हे नीट ऐका: काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीइतकाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. तिथे घसरण लपवणं जिवावर बेततं.

फॉलो-अपची तारीख जवळ आली असेलच. जाताना वही घेऊन जा, जिममध्ये कोणी पावडर दिली असेल तर तिचा डबाही न्या. गोळ्यांबद्दल वडिलांना जे विचारायचंय ते त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारू दे, तुमच्यामार्फत नको. जिमची वर्षाची फी भरून झाली असेल, तर ती महिन्यावर आणता येते का ते काउंटरवर आजच विचारा.